‘नो बन, प्लीज!’

‘‘बनशिवाय बर्गर म्हणजे मांडवाशिवाय लग्न,’’ बाबा म्हणाले. स्थळ : ऑरलँडो, मॅजिक किंगडम. वेळ : दुपारचे बारा. तापमान : नागपूरला लाजवेल असं नाही, पण घामाच्या बाबतीत थेट मुंबई. समोर कागदी ट्रे. ट्रेमध्ये दोन पॅटी, चीज, सॅलडची चार पानं, टोमॅटोच्या चकत्या. बन गायब, फ्राइज गायब. आणि समोर बसलेले आमचे तीर्थरूप, वय वर्षं चौसष्ट, शाळेच्या डब्यात दुधी निघाल्यासारखा चेहरा करून.

दोष अर्थात माझा. गेल्या दिवाळीत बाबांचा एचबीएवनसी आला ८.४. अकरा वर्षं जुना टाइप टू डायबिटीस, आणि त्याच्याशी बाबांचं नातं शेजारच्या भाडेकरूसारखं. तो आहे, पण आपण कशाला लक्ष द्या! माझ्या काकांनी असंच केलं होतं. काकांचा पाय गेला, घोट्याच्या वरून. हॉस्पिटलमधून त्यांना घरी आणलं त्या दिवशी बाबा मुकाट बसून होते आणि संध्याकाळी त्यांनी जिलबी आणली होती, ‘काकाला आवडते म्हणून’. त्या जिलबीनं माझ्या डोक्यात काहीतरी कायमचं बदललं. मग मी बाबांचं ताट ताब्यात घेतलं. आमच्या सोसायटीत निम्मे लोक डॉ. दीक्षितांचे, दोन वेळा जेवा आणि पंचावन्न मिनिटांत संपवा. उरलेले निम्मे ऋजुता दिवेकरांचे, भात-तूप खा आणि घाबरू नका. मी तिसराच पंथ काढला. भात बंद, पोळी एक, बटाटा नाही, साखर तर नाहीच. अंडी, पनीर, चिकन, भाज्या, दाणे. पाच महिन्यांत ८.४ वरून ६.९. हिंजवडीत अप्रेझलला एवढा आनंद कधी झाला नव्हता.

आणि मे महिन्यात ताईचं बोलावणं आलं. ती टँपाला असते. तिथून डिस्ने वर्ल्ड गाडीनं सव्वा-दीड तास. भाची सात वर्षांची, तिनं फोनवर जाहीर केलं, ‘‘आजोबा, आपण सगळ्या राइड्स करायच्या आणि मिकीचं आइसक्रीम खायचं.’’ आजोबा हो म्हणाले. माझ्या पोटात गोळा.

वास, वास आणि वास

थीम पार्कात डाएट मोडतं ते जिभेमुळे नाही, नाकामुळे. मॅजिक किंगडमच्या मेन स्ट्रीटवर पाऊल टाकलं की आधी कॅरमल येतं, मग पॉपकॉर्न, मग कुठूनतरी दालचिनी. पुढे चुरोज, म्हणजे साखरेत घोळवलेल्या तळलेल्या काठ्या. त्यापुढे मिकीच्या कानांचा प्रेट्झेल. मग मिकीच्याच कानांचं चॉकलेट आइसक्रीम. अननसाचं ते सुप्रसिद्ध डोल व्हिप. थोडक्यात काय, मिकीचे कान पिठाचे किंवा साखरेचे. आणि हे सगळं तुम्ही उभे असता तिथेच, हातात धरून चालता येईल असं. सालाड हातात धरून कोण चालतं?

हिशेब सोपा आहे आणि भयानक आहे. कोकच्या ३५५ मिलीच्या कॅनमध्ये ३९ ग्रॅम साखर. म्हणजे चांगले नऊ-दहा चमचे. बर्गरच्या एका बनमध्ये पंचवीस-तीस ग्रॅम कार्ब्ज. फ्राइज घेतल्या की आणखी चाळीसच्या पुढे. बाबांना मी एका जेवणाला जेवढं देत होते, ते इथे पहिल्या कोपऱ्यावरच संपतं.

पण थांबा. निराश होऊ नका. मी महिनाभर आधीपासून मेनू वाचत होते (ऑफिसमध्ये, हो, लंचनंतर). एक गोष्ट लक्षात आली. डिस्नेच्या चारही पार्कांत बाहेरचं खाणं नेता येतं! आपल्याकडच्या अशा जागांच्या दारात ज्यांनी आईच्या पिशवीतून थेपले काढून ठेवलेत, त्यांना हे वाचून डोळे चोळावेसे वाटतील. अटी मोजक्या. काचेची बरणी नको, दारू नको, गरम करावं लागेल असं काही नको, आणि कूलर नेलात तर सुटा बर्फ किंवा ड्राय आइस नको. दारावर बॅग तपासतात आणि सोडतात. शिवाय जिथे काउंटरवर जेवण मिळतं तिथे मागितलं की बर्फाच्या पाण्याचा ग्लास फुकट. बाटलीला पैसे घालवू नका. आम्ही पहिल्या दिवशी घातले.

त्यामुळे आदल्या रात्री ताईच्या किचनमध्ये आमचा कारखाना. फ्लोरिडात पब्लिक्स नावाची सुपरमार्केटची साखळी आहे, तिथून उकडलेली अंडी, चीजच्या काड्या, काकडी, बदाम. पुण्याहून आणलेले भाजलेले दाणे आणि लसणीची चटणी. टँपाच्या इंडियन स्टोअरमधलं पनीर, तव्यावर मीठ-मिरी लावून परतलेलं. फुटाणे मी मुद्दाम वगळले. आपल्याला वाटतं फुटाणे म्हणजे प्रोटीन, पण त्यात कार्ब्ज निम्म्याहून जास्त. जिजू हे सगळं बघत म्हणाले, ‘‘अगं, एक दिवस खाऊ दे की त्यांना. डिस्ने आहे.’’ मी म्हटलं, ‘‘जिजू, एक दिवस नाही. चार दिवस.’’ आणि जिजू गप्प बसले. आमच्या घरात मोठ्या जावयाला गप्प बसवणं ही काही साधी गोष्ट नाही.

तंगडी आणि बकासुर

आता कामाची माहिती, कारण तुमच्यापैकी कितीजण ऑनसाइटला जाऊन आई-बाबांना बोलावणार आहात ते मला माहीत आहे.

काउंटरवर ‘नो बन, प्लीज’ म्हणायला लाजायचं नाही. कोणी भुवई उंचावत नाही. बऱ्याच ठिकाणी बनच्या जागी लेट्यूसच्या पानात गुंडाळून देतात. फोनवरच्या अ‍ॅपवरून ऑर्डर करता येते आणि रांग वाचते, पण बदल सांगायचे असतील तर माणसाशी बोललेलं बरं. तिथल्या कर्मचाऱ्यांना ‘कास्ट मेंबर’ म्हणतात, जणू सगळेच नाटकात आहेत. नाटक असो नसो, ऐकून घेतात. सॉस मात्र वेगळा मागा. बार्बेक्यू सॉसच्या दोन चमच्यांत बारा-पंधरा ग्रॅम कार्ब्ज सहज असतात, केचपसुद्धा गोडच. मांस बिचारं निर्दोष असतं, गुन्हेगार वरचा लेप. जपानी तेरियाकीचंही तेच.

आणि सगळ्यात सोपं उत्तर म्हणजे टर्की लेग. काही गाड्यांवर मिळते ती ही अगडबंब तंगडी. नर टर्कीची असते म्हणून एवढी मोठी. ती शहामृगाच्या कुळातल्या इमूची असते अशी अफवा वर्षानुवर्षं फिरते, खोटी आहे. मुरवून धुरावर भाजलेली, त्यामुळे आत गुलाबी आणि चवीला हॅमसारखी. कार्ब्ज जवळजवळ शून्य. मीठ मात्र भरपूर, ब्लड प्रेशरवाल्यांनी वाटून खावी. आमच्याकडे घरात शाकाहार आणि बाहेर ‘चालतं’ असा जुना पुणेरी करार आहे, त्यामुळे बाबा खूश. दोन्ही हातांनी तंगडी धरून त्यांनी पहिला लचका तोडला तेव्हा आईनं मान फिरवली. ‘‘बकासुर दिसताय,’’ ती म्हणाली. भाचीनं फोटो काढला. आजही तो आमच्या फॅमिली ग्रुपचा डीपी आहे.

आईचं काय, असं विचाराल. आई पक्की शाकाहारी, आणि तिला डायबिटीस नाही, त्यामुळे ती निवांत प्रेट्झेल खात होती. पण तिच्या ताटावरून एक गोष्ट शिकले : शाकाहारी असून कार्ब्ज टाळायचे तर नाकी नऊ येतात. मेनूवर हिरव्या पानाची खूण दिसते, ती वनस्पतीजन्य पदार्थाची. त्यात प्राण्यांपासूनचं काही नाही एवढंच ती सांगते. कार्ब्ज कमी आहेत असं ती सांगत नाही. पानाच्या खुणेखाली भाताचा डोंगर असू शकतो. शाकाहाऱ्यांनी पनीर घरून न्यावं हे माझं प्रामाणिक मत.

५८

दुसऱ्या दिवशी पुन्हा मॅजिक किंगडम. सकाळी बाबांनी तीन अंडी खाल्ली. टोस्टला मी हात लावू दिला नाही. नेहमीच्या गोळ्या घेतल्या, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड. साडेनऊपासून चालतोय. तुम्हाला कल्पना नसेल म्हणून सांगते, डिस्ने वर्ल्डची एकूण जागा जवळपास शंभर चौरस किलोमीटर आहे. एकाच पार्कात फिरलात तरी दिवसाला आठ-दहा किलोमीटर पाय तुडवले जातात. घरी बाबांचा मॉर्निंग वॉक म्हणजे सारसबागेला एक फेरी आणि मग कट्टा.

एक वाजता आम्ही सात बुटक्यांच्या खाणीतल्या गाडीच्या रांगेत. पाऊण तासाची पाटी. भूक लागली होती, पण भाची म्हणाली आधी राइड. बाबा गप्प होते. आमचे बाबा रांगेत गप्प बसत नाहीत. बँकेच्या रांगेत ते पुढच्या माणसाच्या मुलीचं लग्न जुळवून आलेले आहेत. घामानं भिजले होते, पण तिथे कोण भिजलं नव्हतं? मग त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, ‘‘काका कुठे राहिला?’’

काका जाऊन तीन वर्षं झाली.

हात बघितला, थंडगार आणि थरथरणारा. ग्लुकोमीटर पर्समध्ये होता. बोट टोचलं. आकडा आला ५८. सत्तरच्या खाली गेलं की शुगर कमी, हे मला पाठ होतं. आणि मी सॅक उघडली. अंडी. चीज. बदाम. दाणे. पनीर. काकडी. आख्ख्या सॅकमध्ये एक चमचा साखर नव्हती. जगातल्या सगळ्यात गोड जागी उभं राहून, माझ्याकडे गोड काही नव्हतं! चारी बाजूंना चुरोज आणि कॅरमल, आणि आम्ही दोन कठड्यांच्या मधे, पुढे पन्नास माणसं, मागे पन्नास.

पुढे एक बाई होती, कडेवर बाळ, हाताशी चार-पाच वर्षांचा मुलगा. मी काय बोलले मला आठवत नाही. बहुतेक फक्त ‘शुगर’ आणि ‘माय फादर’. तिनं मुलाच्या हातातला अ‍ॅपल ज्यूसचा खोका काढून घेतला आणि बाबांच्या हातात दिला. स्ट्रॉ लावलेला. मुलानं भोकाड पसरलं. बाबांनी सगळा ओढून संपवला.

नियम असा आहे : पंधरा ग्रॅम पटकन चढणारी साखर, पंधरा मिनिटं थांबा, पुन्हा मोजा. चॉकलेट किंवा आइसक्रीम देऊ नका, त्यातल्या चरबीमुळे साखर रक्तात जायला वेळ लागतो. आणि माणूस बेशुद्ध पडला असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ अ‍ॅम्ब्युलन्स. ती पंधरा मिनिटं मी घड्याळ बघत काढली. ७१. कोणीतरी कास्ट मेंबर आला, कठडा बाजूला करून त्यानं आम्हाला बाहेर काढलं. मेन स्ट्रीटच्या टोकाला क्रिस्टल पॅलेस नावाचं रेस्टॉरंट आहे, त्याच्या शेजारी फर्स्ट एड सेंटर. तिथे एसीत पलंगावर बाबा आडवे झाले. आणखी थोडा ज्यूस, दोन बिस्किटं. ९६. (इन्सुलिन घेणाऱ्यांनी लक्षात ठेवा, थंड ठेवायचं औषध अशा सेंटरमध्ये ठेवून घेतात.)

पुण्यात तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते. तरीही डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, ‘‘टोस्ट काढला, रोज दहा किलोमीटर चालवताय, आणि गोळी तेवढीच?’’ मी गप्प. ‘‘निघायच्या आधी फोन करायला सांगितलं होतं ना मी?’’ सांगितलं होतं. व्हिसा, बॅगा, हँडओव्हर यांत मी विसरले होते. खरं तर विसरलेही नव्हते. ६.९ आणल्यापासून मला वाटायला लागलं होतं की मला सगळं कळतं.

ग्लिमेपिराइड शरीराला इन्सुलिन सोडायला लावतं, पोटात कार्ब्ज असोत वा नसोत. नुसतं मेटफॉर्मिन सहसा असा दगा देत नाही. म्हणून गोळी कुठली हे महत्त्वाचं. डॉक्टरांनी प्रवासापुरता डोस बदलून दिला. तो आकडा इथे लिहीत नाही, कारण तो बाबांचा आहे. तुमच्या बाबांचा त्यांच्या डॉक्टरांना विचारा, आणि विमानात बसायच्या आधी विचारा.

फर्स्ट एडमधून बाहेर पडताना बाबांनी पहिला प्रश्न केला, ‘‘त्या पोराला ज्यूस दिलास का परत?’’ आम्ही ज्यूस घेऊन रांगेपाशी गेलो. ती माणसं निघून गेली होती.

नवा करार

त्या रात्री ताईकडे मीटिंग बसली. बाबांनी अटी घातल्या. एक, टोस्ट परत. दोन, सॅकमध्ये ज्यूसचे दोन खोके कायम, आणि ते खोके बाबांच्याच खिशात. तीन, रोज नातीबरोबर एक गोड वस्तू, निम्मी-निम्मी. मी तिसऱ्या अटीवर अडले. बाबा म्हणाले, ‘‘तू माझा पाय वाचवतेयस, कबूल. पण पाय वाचवून जायचं कुठे, ते मला ठरवू दे.’’ ताईनं माझ्याकडे बघितलं. मी सही केली.

आणि गंमत म्हणजे पुढचे दोन दिवस खाणं जास्त सोपं गेलं.

एपकॉट हे पार्क १९८२ सालचं. तिथे एका तळ्याभोवती अकरा देश मांडलेत. भारत नाही, याचं बाबांना फार वाईट वाटलं. पण लो-कार्बवाल्यांसाठी एपकॉटसारखं पार्क नाही. वसंतात तिथे फ्लॉवर अँड गार्डन फेस्टिव्हल असतो, तेव्हा ठिकठिकाणी छोटे स्टॉल लागतात आणि वाटीएवढ्या प्लेट मिळतात. मांसाचा एक तुकडा, भाजीचे चार घास, पुढच्या देशात चला. जर्मनीत सॉसेज, ब्रेड ठेवून द्यायचा. फ्रान्समध्ये चीज. मेक्सिकोत ग्वाकामोले, चिप्सऐवजी चमच्यानं. आईनं चाखून निकाल दिला, ‘‘ही तर अ‍ॅव्होकाडोची कोशिंबीर. मोहरी-हिंगाची फोडणी हवी होती.’’ तळ्याला पूर्ण फेरी साधारण दोन किलोमीटरची, म्हणजे जेवण आणि शतपावली एकाच वेळी.

चौथ्या दिवशी अ‍ॅनिमल किंगडम. फ्लेम ट्री बार्बेक्यूमध्ये धुरावरचं चिकन, सॉस वेगळा. पाण्याकाठी सावलीत बसायला जागा आणि समोर एव्हरेस्टच्या नावानं उभारलेला कृत्रिम डोंगर, ज्याच्यात २००६ पासून एक रोलर कोस्टर किंचाळत फिरतोय. बाबा तिथे तासभर बसले. जिजू म्हणाले, राइड? बाबा म्हणाले, ‘‘मी एव्हरेस्ट बेस कॅम्पला आहे. तुम्ही वर जाऊन या.’’

संध्याकाळी जिजूंनी सरप्राइज म्हणून टेबल बुक केलं होतं. पार्काजवळच अ‍ॅनिमल किंगडम लॉज हे डिस्नेचं हॉटेल आहे आणि त्यात ‘साना’ नावाचं रेस्टॉरंट. काचेबाहेर गवताळ माळावर जिराफ चरतायत. खाणं आफ्रिकी, पण मसाला आपला. आणि तिथली सगळ्यात गाजलेली डिश कोणती असावी? ब्रेड सर्व्हिस! टोपलीभर नान आणि इतर रोट्या, सोबत नऊ प्रकारच्या चटण्या-लोणची-रायती. चार दिवस मी बाबांना ब्रेडपासून वाचवत आणलं आणि जिजूंनी नेऊन बसवलं कुठे, तर नानच्या टोपलीसमोर. जिराफांनीही माना वळवल्या असाव्यात.

बाबांनी टोपलीकडे बघितलं. मग माझ्याकडे. नानचा एक तुकडा तोडला, आपल्या तळहाताच्या अर्ध्याएवढा, आणि टोपली आईकडे सरकवली. नंतर चमचा घेऊन नऊच्या नऊ वाट्यांमधून एकेक चमचा, ओळीनं, मीठ-लिंबू-चटणीच्या शिस्तीत ताटाच्या डाव्या बाजूला वाढून घेतला. चिकनबरोबर ते खात होते आणि प्रत्येक चटणीवर टिप्पणी चालू होती. मी तोंड उघडलंच नाही. दोन तासांनी मोजली, १४८. नातीबरोबरचं निम्मं मिकी आइसक्रीम दुपारीच झालं होतं.

परत आल्यावर तीन महिन्यांनी टेस्ट केली. ७.१. मला ६.९ हवं होतं, हे कबूल करते. डॉक्टर म्हणाले, एकही लो नाही ना, मग ७.१ मला आवडलं.

गेल्या रविवारी सिंहगडावर गेलो होतो. बाबा अर्ध्या वाटेपर्यंत चालत आले, मग जीपनं. वर पिठलं, वांग्याचं भरीत, भाकरी अर्धी, मडक्यातलं दही. शेजारच्या घोंगडीवर एक कुटुंब होतं, त्यांचा लहान मुलगा भाकरी नको म्हणून रडत होता. बाबांनी खिशातून ज्यूसचा खोका काढला, त्याला स्ट्रॉ लावून दिला आणि मला म्हणाले, ‘‘एक फिटला. दुसरा आहे खिशात, घाबरू नकोस.’’